हेही लिहून लावावं लागतं: तुमच्या कामाच्या ठिकाणचे अनुभव सांगा

दसऱ्याच्या सुमारास जिनिंगचा, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करण्याचा हंगाम लागतो. आमच्या वणीकडच्या जिनिंगमध्ये त्याच्या आधी गेटवरची नियमांची पाटी नव्याने रंगवतात, मजकूर मी लिहून देतो. यंदा एका नवीन पोराने विचारलं, "भाऊ, कापसाच्या गंजीजवळ बिडी पेटवू नये, हे काय सांगायची गोष्ट आहे?" आहे. रात्रपाळीत डोळे जड झाले की अक्कल असलेला माणूसही सवयीने खिशात हात घालतो. शिवाय माझं असं मत आहे की लिहिलेल्या नियमाचा आधार सगळ्यात जास्त खालच्या माणसाला होतो. चौकीदार मालकाच्या पाहुण्याला "काडीपेटी इथं काढून ठेवा" असं स्वतःच्या जोरावर म्हणू शकत नाही. पाटीकडे बोट दाखवून म्हणू शकतो.

जिनिंग, राईस मिल, दवाखाना, पतसंस्था, शेत, कुठेही काम करत असाल, तुमच्याकडे कोणता साधा नियम लिहावा लागला आणि कशापायी, ते सविस्तर लिहा. माणसांची, गिरण्यांची नावं नकोत. वऱ्हाडीत लिहिलं तरी चालेल.

जिनिंगमधला फिटर, हिंगणघाटकडून

आमच्याइथं लिवलं हाय, मशीनपाशी गयात दुपट्टा चालत नाही. आता इकडं मानूस दुपट्ट्याबिगर घराबाहीर निंगत नाही, ऊन असो का थंडी. एका पोराचा दुपट्टा शाफ्टले लागला. म्या पाह्यलं तवा दोन येढे बसले होते अन् तो वाकत चालला होता. म्या मेन स्वीच पाडला. पन मशीन लगेच कुठं थांबते, तिचा जोर उतरेपर्यंत तिनं अजून एक येढा घेतला. दुपट्टा जुना होता, फाटला, म्हून पोरगं वाचलं. मानेवर काया वळ लय दिवस होता.

तवापासून दुपट्टा, हातातलं कडं सारं बाहीर ठेवा लागते. बायाइले साडीवरून शर्ट अन् डोक्याले फडकं. त्या फडक्याचं अजून एक काम हाय, केस कापसात गेला का सीधा कापसाच्या दाबलेल्या गाठीत जाते. सुपारी-तमाखूचा खर्रा ज्या पन्नीत घोटते, तिचंही तसंच. पन्नीचा तुकडा सुतात गेला का कापड रंगवताना तेवढी जागा रंग धरत नाही, अन् आमच्या गाठीचा भाव पडते. खर्रा घोटाचा तं गेटाबाहीर घोटा.

आरोग्य केंद्रातली सिस्टर, चंद्रपूर जिल्हा

"लसींच्या फ्रीजमध्ये पाणी, डबा, आंबे ठेवू नयेत." हे मी स्वतः लाल पेनाने लिहून झाकणावर चिकटवलं. मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 च्या वर जातो, आणि गावात थंड जागा एकच, आमचा फ्रीज. सरपंचांच्या घरून बाटल्या आल्या की शिपाई नाही कसं म्हणणार?

लस 2 ते 8 अंशांत राहायला हवी. सारखं झाकण उघडलं की तापमान वर जातं. उलट पाच रोगांवरच्या पेंटाव्हॅलंटसारखी लस बर्फाला लागून गोठली तर तीही बाद. यातलं वाईट म्हणजे गोठून पुन्हा वितळलेली लस नुसतं पाहून ओळखता येत नाही. बाळाला सुई टोचली जाते, आई समाधानाने घरी जाते आणि बाळाला संरक्षण काहीच मिळत नाही. मला हे सहन होत नाही, म्हणून मी या बाबतीत कोणाचीच भीड ठेवत नाही. डॉक्टरसाहेबांनी चिठ्ठीखाली सही केली आणि व्हरांड्यात दोन रांजण भरून ठेवायला लावले. त्यानंतर बाटल्या येणं थांबलं.

शेतकरी, यवतमाळ जिल्हा

2017 च्या पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. दवाखान्याच्या वॉर्डात डोळ्यांना पट्ट्या बांधलेली माणसं मी पाहिली आहेत. मजूर लावणारा शेतकरीही मालकच असतो, हे मला तेव्हा नीट कळलं.

आता पंप पाठीवर घेण्याआधी मी सांगतो आणि कोठ्याच्या दारावर लिहिलेलंही आहे: उपाशीपोटी फवारणी नाही. वाऱ्याच्या तोंडावर नाही. नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकायचं नाही. खर्रा सोबत न्यायचा नाही. यातला शेवटचा नियम सगळ्यात जड जातो. फवारणाऱ्याच्या वरच्या खिशात खर्ऱ्याची पन्नी असते. कपाशीची पऱ्हाटी छातीएवढी झाली की औषध त्याच खिशावर बसतं, आणि अर्ध्या तासाने त्याच बोटांनी चिमूट ओठात जाते. एक म्हातारे मजूर म्हणाले, "दादा, एवढी वर्षं फवारलं, काय झालं?" मी वाद घातला नाही. साबण आणि पाण्याची बादली धुऱ्यावर ठेवली, खर्ऱ्यासाठी झाकणाचा डबा ठेवला. हात धुवायचे, मग डबा उघडायचा.

पतसंस्थेतला रोखपाल

"कोणाचं कर्ज थकलं, कोणाची ठेव मोडली, ही चर्चा पानठेल्यावर करू नये." एका घरची सोयरीक यापायी मोडली, तेव्हा ठराव घेऊन नियम केला.

कार्यालयातली संगणक ऑपरेटर

आमच्याकडे आम्ही दोघीच बाया. एक वरिष्ठ रोज रात्री साडेदहाला मेसेज टाकायचे, "जेवलीस का?" वाईट शब्द एकही नाही, त्यामुळे तक्रार काय करावी हेच कळेना. घरी सांगितलं तर उत्तर ठरलेलं, नोकरी सोड.

नवीन साहेब आले, त्यांनी सगळ्यांना मिळून परिपत्रक काढलं: रात्री आठनंतर महिला कर्मचाऱ्यांना वैयक्तिक फोन-मेसेज नाही, कामाचं असेल तर ग्रुपवर टाका. कोणाचं नाव नव्हतं. मेसेज बंद झाले. बहिणींनो, एक माहीत असू द्या. 2013 च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती लागते. त्याहून कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते, म्हणून मेसेज पुसू नका. मी सगळे जपून ठेवले होते.

राईस मिलमधला हमाल, गोंदियाकडून

"ट्रकखाली झोपू नये." उन्हाळ्यात दुपारी मिलच्या आवारात सावली फक्त ट्रकची. पाटी लागली तरी माणसं तिथंच आडवी व्हायची, कारण जायचं कुठं? एकदा क्लीनरने खाली वाकून पाहिलं म्हणून दोघं वाचले. मग आम्ही सगळे मिळून मालकाकडे गेलो. टिनाचं शेड झालं, त्यावर तणस टाकली, आणि आता ट्रकखाली कोणी जात नाही.

आई शेतमजूर आहे, तिच्या सांगण्यावरून लिहीत आहे (वर्धा जिल्हा)

आई म्हणते, मालकांसाठीही पाटी पाहिजे. मजुरी आठवडी बाजाराच्या दिवशी सकाळी द्यावी, कारण संध्याकाळी मिळाली तर भाजीवाले उठून गेलेले असतात, आणि पैसे घेऊन बाया अंधारात घरी येतात. दुसरं, बायांच्या संडासाला आतून कडी असावी. ती पूर्वी ज्या जिनिंगमध्ये जायची तिथे एक बाई दाराशी उभी राहायची तेव्हा दुसरी आत जायची. कडी चार आण्याची वस्तू, पण मागायला लाज वाटायची. शेवटी मुकादमीण बाईने सगळ्यांच्या वतीने सांगितलं आणि गेल्या हंगामात कडी लागली. मजुरी मात्र अजून बाजार उठल्यावरच मिळते.