१२ कॅमेरे, सर्व्हरचा सीपीयू कायम शंभरच्या घरात, रेकॉर्डिंगमध्ये गॅप येऊन राहिले

गठाणवाला_यवतमाळ

राम राम मंडळी. वणीच्या बाजूला एका जिनिंगमध्ये मी कॉम्प्युटर आणि कॅमेऱ्याचं पाहतो. १२ आयपी कॅमेरे आहेत, गेट, काटा, कापसाच्या गंज्या, जिन हॉल, प्रेस, गाठींचं गोडाऊन आणि सरकीचं शेड मिळून. एनव्हीआर (रेकॉर्डिंगचा तयार डबा) घेतला नाही, ऑफिसात जुना डेस्कटॉप पडून होता त्यावरच उबंटू २२.०४ आणि झोनमाइंडर १.३६ हे कॅमेरे रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर टाकलं. चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, ४ कोअर, ८ जीबी रॅम, २ टीबीची हार्ड डिस्क. कॅमेरे सगळे १९२० बाय १०८०, सेकंदाला २५ फ्रेम, सगळे मोकॉर्डवर, म्हणजे सलग रेकॉर्डिंग आणि वर हालचाल (मोशन) झाली की खूण.

उन्हाळ्यात ६ कॅमेरे होते तेव्हा बरं चाललं. दिवाळीनंतर आणखी ६ जोडले तेव्हापासून सीपीयू खाली उतरतच नाही. परवा रात्री एका गंजीतून धूर निघाला, एका हमालाचं लक्ष गेलं म्हणून वाचलो, पाणी मारून विझवलं. सकाळी रेकॉर्डिंग काढायला बसलो तर नेमके त्याच वेळचे चार मिनिट नाहीत, चित्र अडकलेलं आणि मग एकदम पुढे उडी. बिडीनं लागलं की वायरीनं, आता कोणालाच सांगता येत नाही. झोप उडाली हो माझी, समोर लाखोंचा कापूस पडून आहे.

व्हिडिओ रायटर कॅमेरा पासथ्रूवर आहे (कॅमेऱ्यातून आलं तसंच साठवणं), जेपेग सेव्ह करणं बंद आहे, ते मी आधीच वाचून केलं होतं. तरी काऊन होऊन राहिलं हे? नवीन मशीन मागायची तर शेठला कारण द्यावं लागते.

लिनक्स_अमरावती

मशीनचं नंतर पाहू. आधी टर्मिनलवर टॉप ही कमांड लावा आणि इथं सांगा की वरच्या ओळीत डब्ल्यूए (डिस्कची वाट पाहण्यात गेलेला वेळ) किती दिसतं आणि खाली कोणते प्रोसेस किती खातात. लोड अॅव्हरेज एकट्यावर जाऊ नका, लिनक्समध्ये डिस्कची वाट पाहत अडकलेले प्रोसेसही त्यात मोजले जातात, त्यामुळे कधी कधी डिस्क मंद असते आणि आपण प्रोसेसरला दोष देत बसतो.

गठाणवाला_यवतमाळ

डब्ल्यूए २-३ च्या आसपास. झेडएमसी नावाचे १२ प्रोसेस आहेत, प्रत्येकी २३-२५ टक्के. आणि एनपीएच-झेडएमएस नावाचे २४ आहेत, ते प्रत्येकी ४ टक्के. हे २४ कुठून आले? कॅमेरे तर बाराच आहेत.

लिनक्स_अमरावती

मग डिस्क सुटली. टॉपमध्ये एका कोअरचे १०० धरतात, म्हणजे तुमच्याकडे एकूण ४००. झेडएमसी म्हणजे दर कॅमेऱ्याचं चित्र घेणारा प्रोसेस, सरासरी २४ धरून बारा कॅमेऱ्यांचे २८८ झाले, त्या चोवीसांचे ९६, बेरीज ३८४. उरलेल्यात उबंटू, डेटाबेस, वेबसर्व्हर. जागाच नाही, म्हणून फ्रेम गळतात.

एनपीएच-झेडएमएस म्हणजे कोणीतरी लाइव्ह पाहत आहे. दर कॅमेऱ्याला, दर पाहणाऱ्याला एक वेगळा प्रोसेस निघतो आणि तो प्रत्येक फ्रेमचं जेपेग बनवून ब्राउझरला देत राहतो. २४ म्हणजे दोन ठिकाणी सगळे कॅमेरे उघडे आहेत. कोण पाहतं?

गठाणवाला_यवतमाळ

बरोबर पकडलं भाऊ. शेठच्या केबिनमधल्या टीव्हीवर मोंटाज (सगळे कॅमेरे एकत्र दाखवणारं पान) दिवसभर चालू असते आणि काट्यावरच्या पोरानंही एका टॅबमध्ये उघडून ठेवलंय, रात्रीसुद्धा बंद करत नाही. काट्यावरचं बंद करतो, पण शेठचा टीव्ही बंद करता येत नाही.

शाळेचा_सर्व्हर_बुलडाणा

टीव्ही बंद करू नका, त्याला लहान चित्र द्या. आमच्या आश्रमशाळेत १६ कॅमेरे आहेत, मी याच रस्त्यानं गेलो आहे म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पासथ्रू लावल्यावर आपल्याला वाटतं की झालं, सर्व्हरला आता काम नाही. पण पासथ्रूनं फक्त पुन्हा एन्कोड करणं वाचतं. मोशन शोधायचं तर आलेला एच २६४ (कॅमेऱ्यानं आवळून पाठवलेला व्हिडिओ) उलगडून पूर्ण चित्र करावंच लागतं, आणि ते दर कॅमेऱ्याचं सेकंदाला २५ वेळा चालू आहे. तुमचे २३-२५ टक्के तिथंच जातात. १९२० गुणिले १०८० म्हणजे एका फ्रेमला २०,७३,६०० पिक्सेल. कोणी गंजीजवळ आलं का एवढंच पाहायला इतके पिक्सेल कशाला? ६४० बाय ३६० मध्ये २,३०,४०० होतात, म्हणजे नऊपट कमी, आणि २५ च्या जागी ५ फ्रेम केल्या की आणखी पाचपट. एकूण ४५ पट काम कमी, आणि चालत येणारा माणूस ५ फ्रेममध्येही सुटत नाही.

आता करायचं असं. प्रत्येक कॅमेरा दोन धारा देतो, मेन (मोठं चित्र) आणि सब (लहान चित्र). हिकव्हिजनच्या पत्त्यात शेवटी १०१ असतं तिथं १०२ केलं की सब येते, सीपी प्लस आणि दहुआमध्ये सबटाइप शून्याचा एक करायचा. सबची सेटिंग कॅमेऱ्याच्याच पानात जाऊन ६४० बाय ३६०, ५ फ्रेम, एच २६४ अशी करा. झोनमाइंडरमधला मॅक्स एफपीएसचा रकाना रिकामाच ठेवा, नेटवर्क कॅमेऱ्याची फ्रेम तिथून आवळली तर चित्र मागे पडत जातं आणि धारा तुटते.

मग झोनमाइंडरमध्ये दर कॅमेऱ्याचे दोन मॉनिटर (स्क्रीन नव्हे, धारेची नोंद). सबवाला मोडेक्टवर (मोशन झालं तरच रेकॉर्डिंग), मोशन तोच पाहील आणि मोंटाजमध्येही तोच दिसेल, शेठच्या टीव्हीला तेवढं पुरतं. मेनवाला साध्या रेकॉर्डवर, पासथ्रू तसाच, आणि त्याच्या सेटिंगमधली डिकोडिंग एनेबल्डची टिक काढून टाका. १.३६ मध्ये ती आहे. टिक काढली की मेन धारा न उलगडता जशी आली तशी डिस्कवर जाते. त्या मॉनिटरचं लाइव्ह दिसणार नाही, घाबरू नका, रेकॉर्डिंग होत असतं. जिनिंगसारख्या ठिकाणी सलग रेकॉर्डिंगच पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे, धूर हळूहळू निघतो, तो मोशनमध्ये येईलच याचा भरवसा नाही.

जागेचा हिशोब मात्र करून ठेवा. मेन धारा २ एमबीपीएसला बांधली तर १२ कॅमेऱ्यांचे दिवसाला साधारण २६० जीबी होतात, तुमच्या डिस्कवर आठवडाभर राहील.

गठाणवाला_यवतमाळ

हे कोणी इतकं समजावून सांगितलं नव्हतं. एक विचारतो, सीपीयूतल्या ग्राफिक्सवर डिकोडिंग टाकता येते म्हणतात, ते करू का?

लिनक्स_अमरावती

करता येतं, सोर्समध्ये हार्डवेअर डिकोडरच्या रकान्यात व्हीएएपीआय लिहायचं आणि वेबसर्व्हरच्या युजरला व्हिडिओ आणि रेंडर ग्रुपमध्ये टाकायचं, नाहीतर परवानगीच मिळत नाही. पण तिथं उलगडलेलं चित्र मोशन पाहायला परत रॅममध्ये आणावं लागतं, त्यात बरीच बचत परत जाते. सबवर गेल्यावर त्याची गरज उरणार नाही. आणि जागा वाचवायला कॅमेरे एच २६५ वर टाकायचा मोह होईल, टाकू नका. चौथ्या पिढीच्या इंटेल ग्राफिक्समध्ये एच २६५ पूर्ण हार्डवेअरवर उलगडत नाही, ते सहाव्या पिढीपासून आलं.

रिपेरिंगवाला_चंद्रपूर

सगळं बरोबर सांगून राहिले, पण पहिले मशीन बंद करा अन् कॅबिनेट खोलून पाहा. मी जिनिंगमधलेच कॉम्प्युटर दुरुस्त करतो. रुईचे बारीक तंतू पंख्यातून आत जातात आणि हीटसिंकच्या पट्ट्यांवर नमद्यासारखा थर बसते, वरून पंखा फिरताना दिसते पण हवा खाली जातच नाही. मग प्रोसेसर तापला की स्वतःचा वेग कमी करते, काम तेवढंच अन् वेग अर्धा, म्हणून टक्के वाढलेले दिसतात. सेन्सर्स कमांड मारून तापमान सांगा. थंडीत हे हाल आहेत तर मे महिन्यात ४५ च्या उन्हात काय होईल.

साफ करताना प्रेसवरचा कॉम्प्रेसर लावू नका, त्यात पाणी असते. मऊ ब्रश घ्या, पंखा बोटानं धरून ठेवा, पेस्ट नवीन लावा.

गठाणवाला_यवतमाळ

दोन दिवसांनी लिहून राहिलो. तापमान ९६ होतं! खोललं तर पंख्याखाली अख्खी गादी निघाली, बोटानं उचलली तर एका तुकड्यात आली, वरून पांढरी अन् खालून काळी. साफ करून पेस्ट लावल्यावर त्याच कामाला ७१, आणि तेवढ्यानंच झेडएमसी २४ वरून १७ वर आले.

मग काल सगळे कॅमेरे सबवर घेतले, मेनची डिकोडिंगची टिक काढली. आता सगळं मिळून ४०० पैकी ६५-७० च्या मध्ये, टीव्ही चालू धरून. रात्रभराचं रेकॉर्डिंग मिनिट मिनिट तपासलं, एकही गॅप नाही. नवीन मशीनचे पैसे वाचले, ते गोडाऊनच्या मागच्या बाजूच्या दोन कॅमेऱ्यांना लावा म्हणून शेठला सांगितलं आहे.

दोन अडचणी राहिल्या. गंजीवरच्या कॅमेऱ्यात रात्री पाखरांमुळे मोशन सारखं लागते, आणि गेटच्या कॅमेऱ्यात क्लिप सुरू होते तेव्हा गाडी अर्धी आत आलेली असते.

शाळेचा_सर्व्हर_बुलडाणा

गेटच्या कॅमेऱ्यात स्मार्ट कोडेक किंवा एच २६४ प्लस चालू असेल, ते बंद करा. त्यात पूर्ण फ्रेम फार उशिरा उशिरा येतात आणि पासथ्रूची क्लिप पूर्ण फ्रेमपासूनच सुरू होऊ शकते. आय-फ्रेम म्हणजे हीच पूर्ण फ्रेम, तिचा इंटरव्हल सेकंदाच्या फ्रेमइतकाच ठेवा, सबला ५ आणि मेनला २५.

पाखरं कॅमेऱ्याच्या आतल्या आयआर (इन्फ्रारेड, रात्री दिसण्यासाठीच्या) लाइटवर येतात. तो बंद करून दहा-बारा फुटांवर वेगळा आयआर दिवा लावा. झोनही (मोशन पाहायची जागा) गंजीपुरताच आखा, कोपऱ्यात पळणारी घड्याळाची वेळ झोनबाहेर ठेवा.

गठाणवाला_यवतमाळ

गेटचं आत्ताच पाहिलं, स्मार्ट कोडेक चालूच होता, बंद केला. आयआर दिवा उद्या वणीहून आणतो, गंजीपासून लांब खांबावर लावीन, वायर पाइपातून घेईन.