मेक्सिको सिटी: दम आणि भंगारवाली

मेक्सिको सिटीत पहिल्या दिवशी जिने चढताना दम लागला, तर तो प्रदूषणामुळे असं कुणालाही वाटेल. प्रदूषण आहेच, नाही कोण म्हणतं! पण खरं कारण उंची. शहर समुद्रसपाटीपासून साधारण २२४० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखरापेक्षाही जवळजवळ ६०० मीटर वर. सपाट दिसतं म्हणून लक्षात येत नाही इतकंच. मी पहिले दोन दिवस नुसतं डोकं धरून बसले होते. पाणी भरपूर प्यायचं आणि घाई करायची नाही, दोनतीन दिवसांत बरं वाटतं.

शहर कसं दिसतं याबद्दल सगळेच बोलतात, माझ्या मनात मात्र तिथले आवाज राहिलेत. सकाळी खिडकीखालून एका लहान मुलीचा रडवेला, लांबवलेला आवाज आला: "से कोंप्रान कोल्चोनेस..." पोर हरवली की काय म्हणून मी धावत गॅलरीत! बघते तर टेम्पो, त्यावर भोंगा, आणि ध्वनिमुद्रित हाळी. गाद्या, फ्रिज, शेगड्या, जुनं लोखंड विकत घेतो म्हणे. थोडक्यात, भंगारवाला. नंतर कळलं की तेच एक ध्वनिमुद्रण शहरभर वाजतं. संध्याकाळी आगगाडीसारखी कर्कश शिट्टी ऐकू आली तर तीही घाबरण्यासारखी नाही, ती भाजलेल्या रताळ्यांची गाडी. वाफेच्या दाबावर वाजते. रताळी घ्याच, वरून आटवलेलं गोड दूध घालून देतात.