मदत हवी आहे: तुरुंगातल्या वकिलापर्यंत इन्सुलिन कसं पोचवायचं?

नमस्कार मंडळी. मी कोथरूडला राहते. माझे काका वकील, आयुष्यभर फी न घेता लोकांच्या केसेस लढले. आता स्वतःच यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली कच्चे कैदी आहेत, दुसऱ्या जिल्ह्यातल्या तुरुंगात. वय ६८, वीस वर्षांचा डायबेटिस.

गेल्या मंगळवारी थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून इन्सुलिन नेलं. गेटवर तीन तास बसवलं, मग 'आतल्या डॉक्टरांची चिठ्ठी आणा' म्हणून परत पाठवलं. तोवर बर्फाचं पाणी झालं होतं. ती चिठ्ठी मी बाहेरून आणू कुठून?

आजारी कैद्याला जामीन देता येतो, बीएनएसएस म्हणजे सीआरपीसीच्या जागी आलेल्या नव्या कायद्याच्या कलम ४८० मध्ये तशी तरतूद आहे. पण यूएपीएचं कलम ४३ड(५) आडवं येतं (आरोप प्रथमदर्शनी खरे वाटले तर जामीन नाही), म्हणून जामिनाचं नंतर बघू. यूएपीएखालीच तुरुंगात असलेले वयोवृद्ध फादर स्टॅन स्वामी, त्यांना हात थरथरण्याचा पार्किन्सन्स आजार असताना पाणी प्यायच्या साध्या सिपरसाठी (नळीच्या पेल्यासाठी) २०२० मध्ये कोर्टात जावं लागलं होतं, हे आठवलं की पोटात गोळा येतो.

आत्ता विचारायचंय ते एवढंच: घरचं इन्सुलिन आत घेण्याचा आदेश विशेष न्यायालयाकडून कुणी मिळवलाय का? अर्जासोबत कुठले कागद जोडले? शिवाजीनगर कोर्टात अशी कामं करणारं कुणी माहीत असेल तर मेसेज करा. पुढची तारीख सोमवारी आहे.