कॉलेज प्रत्यक्ष जाऊन बघितलंत का? अनुभव लिहा

इंजिनीअरिंगच्या सीईटीचा निकाल लागला की घरोघरी एकच विषय, ऑप्शन फॉर्ममध्ये वर कोणतं कॉलेज टाकायचं. मागच्या वर्षीचे कटऑफ सगळ्यांच्या मोबाईलमध्ये असतात पण जिथे पोरं चार वर्षं काढणार ती जागा बघून आलेले फार कमी. आणि पहिल्या राउंडला पहिल्याच पसंतीचं कॉलेज लागलं की सीट आपोआप फ्रीझ होते, म्हणजे तीच पक्की, पुढच्या राउंडला बदलता येत नाही, त्यामुळे बघायचं ते फॉर्म भरायच्या आधीच. ज्यांनी बघितलं त्यांनी मनापासून लिहा, यंदाच्या पालकांना उपयोग होईल.

---

आम्ही लातूरचे, लेकीला घेऊन सांगलीला वालचंद इंजिनीअरिंग कॉलेज बघायला गेलो. १९४७ चं कॉलेज, विश्रामबागेत, झाडी भरपूर. बिल्डिंग तर बघितलीच पण मी आधी होस्टेलच्या मुलींना गाठलं, मेसचं जेवण कसं, पहिल्या वर्षाला रूम नक्की मिळते का, रात्री लायब्ररीतून यायला उशीर झाला तर काय, सगळं विचारलं आणि त्या पोरींनी अगदी मोकळेपणाने सांगितलं. २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षणातल्या) मुलींची ट्यूशन फी आणि परीक्षा फी सरकार भरतं, ते छानच आहे, पण होस्टेल आणि मेस त्यात येत नाही हो, तो हिशोब वेगळा मांडा.

---

मी डोंबिवलीचा. मुंबईचं व्हीजेटीआय की पुण्याचं सीओईपी यात अडकलो होतो. दादा म्हणाला सुट्टीच्या दिवशी जाऊ नकोस, सकाळी गर्दीच्या वेळेला लोकलने माटुंग्याला जाऊन बघ. गेलो. मग पुण्याला गेलो, शिवाजीनगर स्टेशनवरून चालतच सीओईपी, मुळेच्या काठावरचा बोट क्लब बघितला, सीनिअर्स कसल्याशा स्पर्धेसाठी गाडी बनवत होते, हात ग्रीसने भरलेले, तरी थांबून सगळं समजावून सांगितलं. रोजच्या प्रवासात जाणारा वेळ मला या लोकांबरोबर घालवायचा होता. सीओईपी वर टाकलं, आता तिसऱ्या वर्षाला आहे.

---

एका खासगी कॉलेजात (नाव नको) पालकांना एसी हॉलमध्ये बसवून प्लेसमेंटच्या स्लाईड दाखवल्या. मिस्टरांनी लॅब बघायची म्हटलं तर अर्ध्या मशीनवर प्लॅस्टिकची कव्हरं तशीच. कॅन्टीनमध्ये शेवटच्या वर्षाच्या मुलांशी बोललो तेव्हा कळलं की मोठ्या पॅकेजचे आकडे दोन-तीन मुलांचे, बाकीच्यांचं कुणी बोलतच नाही. सरासरी नाही, मीडियन पॅकेज (म्हणजे रांगेत बरोबर मधल्या मुलाचं) विचारा आणि ते तुमच्या ब्रँचचं विचारा!! फॅकल्टी किती वर्षं टिकतात हेही विचारा, हे सगळ्यात महत्त्वाचं आहे असं माझं ठाम मत.

---

इंजिनीअरिंगवाले नाही आम्ही, मुलाला इतिहास करायचा होता. फर्ग्युसनमध्ये लायब्ररी बघितली, मागच्या टेकडीवर जाऊन आला, म्हणाला इथेच.

---

नांदेडच्या एसजीजीएस इंजिनीअरिंग कॉलेजबद्दल कुणी लिहा ना प्लीज. विष्णुपुरीला कॅम्पस आहे, शहरापासून लांब पडतं म्हणतात. भाचीला कॉम्प्युटर हवंय आणि पर्सेंटाइल तिथे बसतंय. मुलींच्या होस्टेलचं आणि शहरात जायच्या रिक्षा-बसचं कसं आहे? आम्ही पुढच्या आठवड्यात जातोय, कुणाच्या मागे लागून काय काय बघायचं ते सांगा.