पडून पेटली नाही, म्हणून बॅटरी वापरण्याजोगी ठरत नाही

पॉवर बँक टेबलावरून फरशीवर पडली, धूर निघाला नाही, आणि ड्रॉप टेस्ट (ठराविक उंचीवरून टाकून पाहण्याची चाचणी) उत्तीर्ण असल्याने ती निर्धास्त वापरावी, असा सल्ला याविषयीच्या चर्चेत एका प्रतिसादात दिला आहे. तो मला धोक्याचा वाटतो.

आयईसी ६२१३३-२ या लिथियम बॅटरींच्या सुरक्षिततेच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार ड्रॉप टेस्टमध्ये पूर्ण चार्ज केलेली बॅटरी १ मीटर उंचीवरून काँक्रीटच्या किंवा धातूच्या सपाट जमिनीवर तीनदा टाकली जाते, त्यानंतर किमान एक तास तशीच ठेवली जाते, आणि आग किंवा स्फोट न झाल्यास ती उत्तीर्ण धरली जाते. आपटलेली बॅटरी पुढे नेहमीसारखी चार्ज करत राहावी, असे त्यातून सिद्ध होत नाही. या टेस्टची उंची म्हणून १.२ मीटरचा जो आकडा त्या चर्चेत आला, तो मालवाहतुकीतील पॅकिंगच्या चाचणीचा आहे. ती चाचणी वेगळीच.

लिथियम-आयन सेलमधील धन आणि ऋण पट्ट्यांना अलग ठेवणारा पडदा जेमतेम काही मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाडीचा असतो. आपटल्यावर तो दुमडला किंवा कातरला गेला, तर आतल्या आत शॉर्ट सर्किट होऊ शकते, आणि ते त्याच क्षणी होईल असे मुळीच नाही. पुढच्या एखाद्या चार्जिंगलाही होऊ शकते. त्यामुळे पोचा पडलेली, फुगलेली, गोडसर वास येणारी किंवा विनाकारण गरम होणारी बॅटरी पुन्हा चार्जिंगला लावू नये. ज्वलनशील वस्तूंपासून दूर ठेवून ती ई-कचरा संकलन केंद्रात द्यावी. घरी बॅटरी टाकून पाहण्याचा प्रयोग तर कृपया कोणीही करू नये.