गोध्रा ग्रॅनाइटचा एएसआय (अ‍ॅल्युमिना भागिले कॅल्शियम, सोडियम, पोटॅशियम ऑक्साइड) १.१८ आलाय, एस-टाइप (गाळाच्या खडकातून वितळलेला) म्हणायचा का?

स्फटिक (बडोदा):
गोध्र्याजवळच्या खाणीतला भरड ग्रॅनाइट आहे, फेल्डस्पार ३-४ सेंमीचे. टक्केवारी: अ‍ॅल्युमिना १४.४, कॅल्शियम ऑक्साइड १.१, सोडियम ऑक्साइड २.९, पोटॅशियम ऑक्साइड ५.०, एलओआय (तापवल्यावर घटणारं वजन) २.३. पीपीएममध्ये (दहा लाखात भाग) रुबिडियम २४०, इट्रियम ४५, नायोबियम १६, झिर्कोनियम ९५. हे सगळं आम्लात विरघळवून आयसीपीएमएसवर (अणूंच्या वजनावरून मोजणारं यंत्र). थिन सेक्शनमध्ये (सूक्ष्मदर्शकाखालच्या पातळ कापात) बायोटाइट, थोडं हॉर्नब्लेंड, प्लॅजिओक्लेज (सोडियम-कॅल्शियमचा फेल्डस्पार) ढगाळ. पिअर्सच्या रुबिडियम विरुद्ध इट्रियम+नायोबियम आकृतीत (ग्रॅनाइट कुठल्या टेक्टॉनिक जागी आला ते ओळखायची) ठिपका 'विदिन-प्लेट'मध्ये (प्लेटच्या आत) पडतोय. एएसआय प्लेटांची टक्कर सांगतो, आकृती रिफ्ट (प्लेट फाटणं). कुणाचं धरू?

अभ्रक:
सध्या दोन्ही बाजूला ठेवा. एएसआय रेणूंच्या प्रमाणात काढलाय ते बरोबर आहे, पण एलओआय २.३ आणि ढगाळ प्लॅजिओक्लेज म्हणजे दगड ताजा नाही. प्लॅजिओक्लेज कुजताना सोडियम-कॅल्शियम धुऊन जातं, अ‍ॅल्युमिना मागे राहतं, आणि गुणोत्तर आपोआप चढतं. सोडियम ऑक्साइड ३.३ आणि कॅल्शियम ऑक्साइड १.६ घालून बघा: एएसआय १.०५ येतो. १.१ची एस-टाइप रेषा एवढ्याशा फरकाने ओलांडली जाते. शिवाय हॉर्नब्लेंड मूळचं असेल तर तीव्र पेरअ‍ॅल्युमिनस (जास्तीच्या अ‍ॅल्युमिनाचा) मॅग्मा शक्यच नाही. तिथे मस्कोव्हाइट, गार्नेट किंवा कॉर्डिएराइट दिसायला हवं. खनिजांवर आधी विश्वास ठेवा.

झिर्कॉन:
झिर्कोनियम ९५ खटकतंय. उघड्या बीकरमध्ये हायड्रोफ्लोरिक-नायट्रिक आम्लाने झिर्कॉन (झिर्कोनियमचं खनिज) पूर्ण विरघळत नाही. त्यात अडकलेलं हाफ्नियम, जड रेअर अर्थ आणि थोडं इट्रियमही हिशोबातून गळतं. म्हणजे तुमचा ठिपका प्रत्यक्षात आणखी उजवीकडे असेल. लिथियम मेटाबोरेट फ्यूजन करा, किंवा एक्सआरएफवर (एक्स-किरणांच्या तपासणीत) पडताळा. ए-टाइपची (विदिन-प्लेट प्रकारच्या ग्रॅनाइटची) चाचणी (झिर्कोनियम+नायोबियम+सिरियम+इट्रियम ३५०च्या वर) त्यानंतरच. आणि टंगस्टन कार्बाइडच्या चक्कीत दळलं असेल तर टँटलम, कोबाल्ट सोडून द्या, नायोबियमही संशयास्पद. अगेट वापरा.

अभ्रक:
नमुनाही मोठा घ्या. एवढ्या मोठ्या दाण्यांच्या दगडाला मूठभर तुकडा पुरत नाही. ताज्या गाभ्यातून निदान ५-१० किलो फोडून सगळं एकत्र दळा, नाहीतर दोन-तीन फेल्डस्पार जास्त आले तरी पोटॅशियम आणि रुबिडियम वर जातं.

टेक्टॉनिक्सबद्दल: ही आकृती वितळलेल्या मूळ खडकाची ओळख देते, प्लेटची त्या वेळची हालचाल नव्हे. टक्कर संपल्यावर आलेले ग्रॅनाइट तिच्या तिठ्याजवळच (क्षेत्रं एकत्र मिळतात तिथे) गोळा होतात, आणि तुमचे आकडे तिथेच आहेत. गोध्रा ग्रॅनाइटचं रुबिडियम-स्ट्राँशियम वय सुमारे ९५ कोटी वर्षं आहे. म्हणून चंपानेर गटाच्या (तिथल्या घडी पडलेल्या) खडकांशी क्षेत्रातला संबंध, म्हणजे त्यांची घडी कापून आलाय की घडीबरोबर दबलाय, हे हालोल-जांबुघोडा बाजूला बघा. टक्कर चालू असताना की नंतर, याचं उत्तर तिथे मिळेल.