मदत हवी आहे: उबुंटू २२.०४ वरून २४.०४ करताना बूट पार्टिशन भरलं, आता कर्नल पॅनिक येतंय

नमस्कार मंडळी, लॅपटॉप ताईचा आहे, ती कोल्हापूरकडे शाळेत शिकवते, प्रश्नपत्रिका, मुलांचे निकाल सगळं यावरच आणि म्हणून डिस्कला लक्स एन्क्रिप्शन आहे (पासफ्रेज टाकल्याशिवाय डिस्क उघडत नाही). मुळात २०.०४ टाकलेलं, मग २२.०४ झालं, काल २४.०४ करायला घेतलं. लाईटचा भरवसा नाही म्हणून इन्व्हर्टरवर लावून बसलो होतो, ते नीट पार पडलं, पण पॅकेजेस बसता बसता इनिटआरडी (बूट होताना कर्नलला आधी लागणारी फाईल) तयार करताना ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ आलं आणि सगळं तिथेच थांबलं.

रीस्टार्ट केलं तर नवा ६.८ कर्नल (सिस्टीमचा गाभा) ‘व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस’ म्हणून पॅनिक देतो. माझ्या मते त्याची इनिटआरडी बनलीच नाही म्हणून तो पासफ्रेज विचारण्यापर्यंतही जात नाही. ग्रबमध्ये (बूट मेनूत) ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधून जुना ५.१५ निवडला की मात्र पासफ्रेज विचारतो, डिस्क उघडते आणि काळ्या स्क्रीनवर लॉगिन येतं. डेस्कटॉप नाही, वायफाय नाही.

तिथून डीएफ (डिस्कवरची जागा दाखवणारी कमांड) मारून बघितलं, बूट पार्टिशन जेमतेम ७०० एमबीचं आणि १०० टक्के भरलेलं. आत जुन्या कर्नल्सच्या इनिटआरडी पडून आहेत, एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमुळे एकेक चांगलीच फुगलेली.

आता खरी अडचण. ॲप्टने (पॅकेज मॅनेजरने) जुना कर्नल काढायला गेलं की तो म्हणतो आधी ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ (अर्धवट राहिलेली पॅकेजेस पूर्ण बसवणारी कमांड) चालवा, आणि ते चालवलं की ते परत इनिटआरडी बनवायला जातं आणि परत जागा नाही. दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात.

माझा विचार असा आहे की ५.१५ सोडून बाकी जुन्या इनिटआरडी बूटमधून उचलून होम फोल्डरमध्ये ठेवायच्या (डिलीट नाही, नुसत्या हलवायच्या), मग डीपीकेजी कॉन्फिगर, मग ‘ॲप्ट -एफ इन्स्टॉल’, मग जुने कर्नल रीतसर काढून शेवटी अपडेट-ग्रब. पॅकेजेस अपग्रेडच्या सुरुवातीलाच डाउनलोड होऊन ॲप्टच्या कॅशमध्ये आहेत, त्यामुळे नेट नसलं तरी बहुतेक भागेल, नाहीच तर मोबाईल यूएसबीने जोडून टेदरिंग करेन.

हा क्रम बरोबर आहे का? ज्यांनी हे स्वतः केलंय त्यांनी प्लीज सांगा, फाईली अशा हाताने हलवल्या तर पुढे जुने कर्नल काढताना डीपीकेजी अडून बसतं का?

दुसरं, हे नाही जमलं तर लाईव्ह यूएसबीवरून सीएचरूट करावं लागेल (म्हणजे यूएसबीवरून बूट करून लॅपटॉपमधल्या सिस्टीमच्या आत शिरायचं). तिथे फाईल मॅनेजरमधून डिस्क उघडली की उघडलेल्या डिस्कचं (मॅपिंगचं) नाव वेगळंच पडतं, आणि ते क्रिप्टटॅबमधल्या (एन्क्रिप्टेड डिस्कची नोंद असलेल्या फाईलमधल्या) नावाशी जुळलं नाही तर नव्या इनिटआरडीत डिस्क उघडायची सोयच येत नाही असं वाचलंय. म्हणजे टर्मिनलवरून क्रिप्टसेटअपने क्रिप्टटॅबमधलंच नाव देऊन उघडायची आणि बूट पार्टिशन वेगळं माउंट करायचं, एवढं पुरे ना?

डेटाची काळजी नाही, लाईव्ह यूएसबीवरून ताईचं सगळं फोल्डर बाहेरच्या हार्डडिस्कवर घेतलंय आणि दोन-चार फाईली उघडून बघितल्यात. पण कृपया ‘फॉरमॅट मारून नवीन टाका’ सांगू नका, तिचे फाँट, मराठी कीबोर्ड, शाळेचा प्रिंटर हे सगळं बसवायला फार वेळ गेला होता आणि सोमवारी तिला पेपर छापायचे आहेत.

सध्या ५.१५ वर तसाच चालू ठेवलाय, अजून काहीही हलवलेलं नाही. कुठल्या कमांडचं आउटपुट हवं असेल तर सांगा, लगेच टाकतो.